आत्याबाईचे गुडघे आणि हलणारा नैवेद्य

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण आत्याबाईचे गुडघे होते. पहाटे पूजा आटोपून ती देवघरातल्या पाटावरून उठली की भाजलेली शेंग फोडावी तसे दोन कोरडे आवाज व्हायचे, आधी डावा, मग उजवा. ओसरीवर झोपलेल्या आम्हा सगळ्यांना कळायचं की आता पांघरूण आपण होऊन काढलं नाही तर ते ओढलं जाणार. त्यानंतर विहिरीचा रहाट, मग ताकाची रवी, मग गोठ्यात दावणीला बांधलेल्या बैलांच्या घागरमाळा. पण सुरुवात गुडघ्यांची. नांदुऱ्याच्या स्टेशनावर एखादी गाडी उशिरा आली असेल, आत्याबाईचे गुडघे कधी उशिरा वाजले नाहीत.

आत्याबाई म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आबा तिला आक्का म्हणत. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी आली आणि आल्याबरोबर तिनं घराचा ताबा घेतला, तो अखेरपर्यंत सोडला नाही. जमीन आबांच्या नावावर होती, गावात मान आबांना होता, कचेरीत खुर्ची आबांना मिळायची. पण घरात काय शिजायचं, कोणी कुठे बसायचं आणि कोणाच्या सावलीनं काय बाटतं, याचा कायदा आत्याबाईचा. कायदा कडक होता, पण त्यात तिनं स्वतःच सोयीच्या वाटा ठेवल्या होत्या. ‘कोरड्याले विटाळ नाही’ ही त्यातली सगळ्यात रुंद वाट. साखर कोणी तोलली, गूळ कोणाच्या गाडीतून आला, हे ती विचारायची नाही. एकदा पाणी लागलं की मात्र ती जिन्नस तिची, आणि तिनं ओल्या लुगड्यानं केलेल्या स्वयंपाकाला आमची आईसुद्धा हात लावायची नाही.

मी तेव्हा अमरावतीहून इंटर सायन्स पास होऊन घरी बसलो होतो. ‘बसलो होतो’ हे अगदी खरं. ओसरीवरच्या झोपाळ्यावर माझी जागा खोलगट झाली होती. मला नागपूरला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. पण डॉक्टरकीत पहिल्याच वर्षी मुडदे फाडायला लागतात ही बातमी गावातल्या कोणीतरी परोपकारी माणसानं आत्याबाईपर्यंत पोचवली, आणि भरलेली पेटी परत माळ्यावर गेली.

“मुडद्यात घातलेला हात या घरात पाण्याच्या घागरीले लागणार नाही,” ती म्हणाली.

“आत्याबाई, हात धुतात तिथे. साबणानं.”

“काय काय धुशील? हात धुशील. मन धुशील? नाक धुशील?”

मी आबांकडे पाहिलं. आबा पानाच्या डब्यात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होते. “आक्का हो म्हणाली तर जाय,” एवढंच ते म्हणाले. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत्याबाईच्या तोंडून ‘हो’ निघालं नाही, तर माझं नाव शेतीच्या आणि लग्नाच्या बाजारात जाणार हे नक्की होतं. त्या दोन्हीत मी किती निरुपयोगी आहे हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांना ते कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

माझा मित्र हबीब नांदुऱ्याला राहायचा. त्याचे वडील तिथल्या डाकबंगल्यात खानसामा होते. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांना खायला घालायचं, आणि साहेब गेल्यावर दोन दिवस डोकं धरून बसायचं, हे त्यांचं काम. बाजाराच्या दिवशी मी बैलगाडीनं नांदुऱ्याला जायचो आणि हबीबबरोबर डाकबंगल्याच्या मागच्या पडवीत गप्पा हाणायचो. त्या हिवाळ्यात एकदा तिथे मी एक अद्भुत वस्तू पाहिली. चिनी मातीच्या बशीत नारिंगी रंगाचा एक घुमट उभा होता. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. हबीबनं बशीला बोट लावलं आणि तो सगळा घुमट नव्या नवरीसारखा लाजून थरथरला.

“जेली हाय बे. साहेब लोक जेवनावर खातात.”

“यात अंडं?”

“नाही.”

“दूध, पीठ?”

“काहीच नाही. संत्र्याचा रस, साखर, अन् हे.” त्यानं एक डबा उघडला. आत काचेसारख्या पातळ, पिवळसर, कोरड्या पापड्या होत्या. वास म्हणावा तर नव्हताच.

हबीबची आई रमजानात चायना ग्रास लावायची. ते समुद्रातलं गवत. दुधात शिजवलं की गोठतं. ते मी पाहिलं होतं. त्याच्याही अशाच पांढुरक्या पट्ट्या असायच्या.

“म्हणजे हे चायना ग्रासच,” मी म्हणालो.

“तसंच असंन,” हबीब म्हणाला. “अब्बाले इचारू का?”

“अबे, इचारायचं काय त्यात? मी सायन्सवाला हाव ना.”

हे वाक्य मी पुढे आयुष्यात अनेकदा अनेक रूपांत उच्चारलं, आणि दर वेळी त्याच्या मागोमाग काहीतरी फुटलं, सांडलं किंवा पेटलं. पण ती पहिली वेळ होती. माझ्या डोक्यात फक्त एकच विचार होता: धान्य नाही, मीठ नाही, कांदा नाही. फळ, साखर आणि समुद्रातलं गवत. ही वस्तू एकादशीला चालते!

एकादशीचं जेवण म्हणजे आमच्याकडे भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी. आत्याबाईनं ते इतकी वर्षं, महिन्यातून दोनदा, इतक्या निष्ठेनं खाल्लं होतं की भगरीचं पातेलं पाहिलं की तिचा चेहरा आपोआप भगरीसारखा व्हायचा. तिच्या आयुष्यात नवी चव येऊन जमाना झाला होता. मी मनाशी म्हटलं, हिला ही थरथरती गोडी खाऊ घालावी, ही खूश व्हावी, आणि त्या खुशीत नागपूर मागून घ्यावं.

पापड्या हबीबनं कागदात बांधून दिल्या. आत्याबाईनं त्या उजेडाकडे धरून पाहिल्या, हुंगल्या. “कोणी देल्ल्या?”

“हबीबनं. समुद्रातलं गवत आहे. कोरडं आहे.”

“कोरड्याले विटाळ नाही,” ती स्वतःशी म्हणाली, आणि दशमीच्या संध्याकाळी ओलं लुगडं नेसून चुलीशी बसली. मी उंबऱ्याबाहेरून सूचना देत होतो. पापड्या थंड पाण्यात भिजवल्या, फुगल्या. गरम रसात टाकल्या, नाहीशा झाल्या. पातेलं रात्रभर अंगणात ठेवलं. मार्गशीर्षाची थंडी होती, आमच्याकडे तेव्हा पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफा निघायच्या.

सकाळी तिनं ताटात पातेलं उपडं केलं आणि चार हात मागे सरली.

“अरे, हे हालते काऊन?”

“तसंच असतं ते.”

“जित्तं तर नाही ना?”

आबांनी ओणवं होऊन त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी फुंकर घातली, तर ते फुंकरीनं हाललं. आबांना इतकी गंमत वाटली की ते फुंकरच घालत बसले, शेवटी आत्याबाईनं त्यांना हाकललं. मग तिनं त्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि बाळकृष्णासमोर नैवेद्य दाखवला. घंटी वाजली तसं तुळशीपत्रासकट सगळं डुललं. शेजारच्या गोदाकाकू दर्शनाला आल्या होत्या, त्यांनी ते पाहून थेट हातच जोडले. “देवानं घेतलं हो आक्का! घेऊन राह्यला देव, पहा!”

आत्याबाईनं पहिला घास घेतला. तिला दात फारसे नव्हते, आणि या वस्तूला दातांची गरजच नव्हती. जिभेवर ठेवली की आपली आपण विरघळायची. ती डोळे मिटून बसली. दुसरा घास घेतला. मग गोदाकाकूंना वाढलं, आबांना वाढलं, आईला वाढलं, आणि उरलेलं शिंक्यावर ठेवलं. ते शिंकं दुपारभर हालत होतं.

पुढच्या एकादशीला पुन्हा. त्याच्या पुढच्या एकादशीला गोदाकाकू स्वतःची वाटी घेऊन आल्या. आणि मग ती गोष्ट घडली जिचा मी विचारही केला नव्हता. एका पहाटे आम्हाला जाग आली ती रहाटाच्या आवाजानं. गुडघे वाजलेच नव्हते.

“गुडघे मोकळे झाले बाप्पा,” आत्याबाई म्हणाली. “त्या गवतानं. आतून कसं वंगण दिल्यासारखं वाटते.”

मी आता एक मोठ्या वयाचा, निवृत्त, आणि स्वतःच करकरणारा डॉक्टर म्हणून सांगतो की तिच्या गुडघ्यांना वंगण मिळालं असेल तर ते चालण्यानं. एरवी देवघर ते चूल एवढीच जिची यात्रा, ती बाई त्या दिवसांत रोज गोदाकाकूंकडे आणि पलीकडच्या आळीत या नव्या पदार्थाचं कौतुक सांगायला पायी जात होती. पण तेव्हा मला हे कुठलं सुचायला? मी तिच्यासमोर असा उभा राहिलो, जणू ते गुडघे मीच सुतारशाळेत बनवून आणले होते.

“बरं आहे तुहं शास्त्र,” ती म्हणाली. “नागपूरचं पाहू मग. होळी होऊ दे.”

आबांनी पानाच्या डब्यातून डोकं वर काढलं. पेटी माळ्यावरून खाली आली.

याच सुमारास देव्हाऱ्याचा एक खांब निखळला. भिका मिस्त्री अंगणात दुकान मांडून बसला. त्यानं मोठ्या भांड्यात पाणी तापत ठेवलं, त्यात लहान भांडं सोडलं आणि त्यात तपकिरी पापड्या टाकल्या. सुताराचा सरस. मी झोपाळ्यावरून पाहत होतो. खांब चिकटवून झाला, मिस्त्री भाकर खायला बसला, आणि भांड्यात उरलेला सरस हळूहळू गार झाला. मिस्त्रीनं भांडं बाजूला सारलं. सरस थरथरला.

माझा झोपाळा थांबला.

मी खाली उतरलो. भांड्याला बोट लावलं. तोच थरथराट, तीच लाज. फक्त रंग काळा आणि वास असा की देव्हाऱ्यातले देव नाक धरून बसले असतील.

“मिस्त्री, हा सरस कशाचा असतो?”

“जनावराचा, मालक. चामडं, खुरं, शिरा, हाडकं. उकळून उकळून काढतात.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “चांगला साफ केला तं काचेवानी पिवळा येते. पन तो महाग.”

काचेवानी पिवळा. मी परत झोपाळ्यावर जाऊन बसलो आणि बराच वेळ माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. सांगावं, तर नागपूर गेलं; शिवाय बातमी गोदाकाकूंकडून गावात गेली तर घर वाळीत. न सांगावं, तर येत्या एकादशीला पुन्हा तेच ताट. मी तिसरी वाट काढली, आणि माझ्या तिसऱ्या वाटा नेहमी विहिरीत जातात. हबीबच्या आईकडून मी खरंखुरं चायना ग्रास आणलं आणि त्याच कागदात बांधून दिलं.

आत्याबाईनं एक घास घेतला आणि थांबली.

“हे ते नव्हे.”

“तेच आहे.”

“ते जिभेवर पाणी होत होतं. हे तुटते. खरवसावानी तुटते.” ती दुसऱ्या दिवशी गोदाकाकूंकडे गेली नाही, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे देवघरातून आवाज आला: आधी डावा, मग उजवा. आत्याबाईची खात्री पटली. तिनं हबीबला निरोप धाडला की बापाला विचारून ये, पहिलं गवत कोणत्या जातीचं होतं.

हबीब आला तेव्हा मी आंघोळ करून विहिरीवरून येत होतो. तो ओसरीच्या पायरीपाशी उभा होता, आत्याबाई वर, आबा झोपाळ्यावर. आत्याबाईचा हबीबवर जीव होता. तिनं वरूनच त्याच्या ओंजळीत शेंगदाण्याचा लाडू टाकला होता. मी तिच्या पाठीमागून त्याला खुणा केल्या. तोंडावर बोट ठेवलं. मान हलवली. गळ्यावरून हात फिरवला. हबीबला वाटलं, मी त्याला मोठ्यानं बोल म्हणतोय.

“आत्याबाई, अब्बानं सलाम सांगतला,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “अब्बा म्हनते, ते गवत नाहीच. हड्डी-चमडीचं रायते ते. आमच्या घरी बी कोनी तोंडाले लावत नाही. कोन्या जनावराचं, कोनं कापलं, काय पत्ता? अब्बा म्हनते, पोरानं इचारलं असतं तं सांगतलं असतं.”

हबीबच्या हातातला लाडू अर्धाच राहिला.

आत्याबाई खाली बसली. गुडघे वाजले, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “कोणाचं हाड?”

“माहीत नाही.”

“गाईचं?”

तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागावलेली आत्याबाई मला पाठ होती. ही घाबरलेली होती. जन्मभर एकेक थेंब गाळून प्यायलेल्या बाईच्या पोटात मी काय ओतलं होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि मी तोंड मिटून ठेवायच्या ऐवजी शास्त्रार्थ काढला.

“आत्याबाई, तसं पाहिलं तर आपला देव्हारासुद्धा सरसावरच उभा आहे. तोही हाडाचाच.”

“देव्हाऱ्याले मी चाटत नाही, बे!”

‘बे’ हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात एकदाच ऐकला. आबांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं, पण खोकला फार लांबला. “आक्का,” ते म्हणाले, “नैवेद्य देवालेही दाखवला होता.”

“देव त्याचं तो निस्तरीन. माह्यं मले पाहू दे.”

ती उठली, विहिरीवर गेली आणि घागरीमागून घागर डोक्यावर ओतत राहिली. आई रडत होती. मी आणि हबीब पायरीवर बसून होतो. “तू गळ्यावरून हात काऊन फिरवत होता बे?” त्यानं हळूच विचारलं.

परत आली ती निर्णय घेऊनच. भटजीला बोलवायचं नाही, कारण भटजीच्या पोटात गोष्ट राहत नाही. पंचगव्य घरीच करायचं. गाईचं दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण, सगळं तिनं स्वतः कालवलं. आधी ती प्यायली, मग आबा, मग आई. मग तिनं गोदाकाकूंना हाक मारून बोलावलं आणि त्यांच्या हातावरही पळीभर घातलं. “आज कोणतं व्रत हो आक्का?” गोदाकाकूंनी विचारलं. “हाय एक,” आत्याबाई म्हणाली. गोदाकाकू पवित्र होऊन घरी गेल्या आणि त्यांना मरेपर्यंत कळलं नाही की मध्ये त्या बाटल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं त्या एकादशीला वाटी घेऊन डोकावायच्या. “समुद्रातलं गवत सरलं,” असं आत्याबाई शांतपणे सांगायची.

मला पळीनं मिळालं नाही. मला तांब्यानं मिळालं. त्या चवीबद्दल मी एवढंच सांगतो की त्यानंतर नागपूरच्या मेसनं मला कधी दुःख दिलं नाही.

संध्याकाळी मी आपण होऊन पेटी माळ्यावर चढवायला घेतली. आबा म्हणाले, “आक्का, मग याचं नागपूरचं...”

“धाडा याले.”

माझ्या हातातून पेटी निसटता निसटता राहिली.

“धाडा म्हणते ना. हा घरात राह्यला तर उद्या मले अजून काय चारंन, नेम नाही. याले मुडदेच बरे. मुडद्याचं हा काय बिघडवणार हाय?”

अशा रीतीनं मी डॉक्टर झालो. लोक सेवा करण्यासाठी होतात, नाव काढण्यासाठी होतात. मला घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी पाठवण्यात आलं.

पहिल्या सुट्टीत मी आलो तो विहिरीवर सचैल स्नान केल्यावरच आत घेतला गेलो. पाणी वरून ओंजळीत. पण दुपारी आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसली, आणि मीही नव्या विद्येनं फुगलेला होतो. मी अंबाडीचा दोर घेतला आणि तिला समजावलं. आपलं अंग ज्याच्यावर तगून आहे, ती वस्तू म्हणजे असा तीन पेडांचा दोर. कातडीत तोच, हाडात तोच, गुडघ्यातल्या कुर्चेत तोच, डोळ्याच्या काचेतही तोच. वळायला आवळ्या-लिंबातलं सत्त्व लागतं, नाहीतर पीळ बसत नाही आणि हिरड्यांतून रक्त येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, याचं उलटं आहे: हा दोर पाण्यात उकळला की पीळच आधी जातो. पेड सुटतात. गार झाले की पुन्हा एकमेकांना कवटाळायला बघतात, ते नीट जमत नाही, आणि त्या गुंत्यात पाणी अडकून बसतं. म्हणून तो नैवेद्य हालायचा. तोंडाच्या उबेनं गुंता सुटतो, म्हणून जिभेवर पाणी होतं.

ती दोराचे पेड उलगडत ऐकत होती. “अन् पोटात गेल्यावर? तसंच गुडघ्यात जाऊन बसते?”

“छे! पोटात गेलं की त्याचे तुकडे तुकडे होतात. डाळीचे होतात तसेच. गुडघ्याला कसं कळणार की ते हाड होतं की वरण? त्यानं तुझ्या गुडघ्याला काही झालं नसणार, आत्याबाई.”

मग तिनं दोर खाली ठेवला.

“म्हणजे मी बाटली, ते बी फुकटच?”

परवा माझ्या नातीनं पुण्याहून माझ्या गुडघ्यांसाठी एक डबा आणला. त्यावर एका सुंदर बाईचं चित्र आहे, आत पांढरी पूड आहे, आणि ती पूड म्हणजे तोच दोर, बारीक कुटून. “आजोबा, रोज एक चमचा,” ती म्हणाली, “फरक पडतो.” मी तिला तीन पेडांची हकीकत सांगणार होतो. आता त्यात नवीन संशोधनं निघाली आहेत, कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं, मी वाद घालत नाही. मी चमचा घेतो. कारण त्या दुपारी आत्याबाईनं माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी मला नागपूरच्या पुस्तकात नसलेला एक धडा शिकवला होता, आणि डॉक्टर म्हणून माझं पहिलं औषध मी तेव्हाच दिलं.

“फुकट नाही, आत्याबाई,” मी म्हणालो. “थोडा फरक पडतो.”

“तेच म्हणत होती मी,” ती म्हणाली, समाधानानं जमिनीला हात टेकून उठली, आणि तिचे दोन्ही गुडघे, आधी डावा, मग उजवा, असे कडाडले की दावणीचा बैल दचकला.

आम्हा दोघांनाही काही ऐकू आलं नाही.